विरजणाची माती

रोहा,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय गुणाजीकाका,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुम्ही मला ओळखाल की नाही माहीत नाही, म्हणून आधी अब्बांचं नाव सांगते : हसन टेम्पोवाले. जोह्याहून तुमच्या गणपतीच्या मूर्ती पंधरा वर्षं ज्यांनी मुंबईला नेल्या, ते. "एक कान तुटला नाय, एक उंदीर हरवला नाय," हे अब्बा अजून मस्कतहून फोनवर ऐकवतात. मी त्यांची धाकटी, सहर. चार वर्षांची असताना तुमच्या कारखान्यात एका मूर्तीच्या हातातल्या मोदकाचा चावा घेतला होता, ती मीच.

आता कामाचं. मी पेणला कला महाविद्यालयात सिरॅमिक शिकते. म्हणजे माती घडवायची आणि भट्टीत भाजायची. तिसरं वर्ष आहे. रोज रोह्याहून जाऊन-येऊन करते. आमच्या मॅडमनी या सत्रात एक काम दिलंय : एक समकालीन कलावंत निवडायचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करायचा आणि त्याच्या कामाला उत्तर म्हणून आपलं काम घडवायचं. पत्रं कागदावर, पोस्टाने. फोन नाही, व्हॉट्सॲप नाही, भेट तर नाहीच. प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत एकमेकांचं तोंड बघितलं तरी गुण कापणार. मॅडमचं म्हणणं असं, की फोनवर माणूस नुसता बोलतो, कागदावर विचार करतो.

मी यादीतल्या सगळ्यात मोठ्या नावाच्या बाई निवडल्या. त्या परदेशात असतात आणि फुटलेल्या बशा जोडून भिंतभर समुद्र करतात. त्यांना दोन पत्रं टाकली. दीड महिना झाला, बाईंचा पत्ता नाही. वर्गातल्या भूमिकाला तिच्या कलावंताने तीन पत्रं लिहिली, वर एक वाळलेलं फूल पाठवलं. ती ते फूल रोज डबा खाताना बाहेर काढते.

प्रदर्शन २८ मार्चला आहे. पत्रव्यवहार नसेल तर मी नापास, आणि नापास झाले तर अम्मी म्हणते तसं डी.एड.

म्हणून विचारते : तुम्ही माझे समकालीन कलावंत व्हाल का?

तुमची,
सहर


जोहे,
१५ फेब्रुवारी

चि. सहरबाय हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मोदक चावणारी पोर कोण विसरेल? त्या मूर्तीला मी नवा मोदक करून बसवला होता, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की पहिला देवानेच खाल्ला.

मोरू पोस्टमनने तुझं पाकीट आमच्या मंडळींच्या, बायजाच्या हातात दिलं आणि ती घाबरली. आमच्याकडे हाताने लिहिलेलं पत्र आलं की एक तर कोणी गेलेला असतो, नाहीतर कोणी जमिनीत हिस्सा मागत असतो. शिकायला म्हणून कोणी लिहिलं, हे पहिल्यांदाच.

समकालीन म्हणजे काय ते मी रितेशला, आमच्या मुलाला विचारलं. तो तुमच्या रोह्याजवळ धाटावला कंपनीत आहे, शिफ्ट संपवून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आत्ता जिता हाय तो." मग मी आहे. तेवढी एक अट पुरी करतो. पण रेशनच्या दुकानातलं मशीन ते मानत नाही. पन्नास वर्षं माती चोळून चोळून माझ्या अंगठ्याच्या रेघाच गेल्या. अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, असा माणूस नाही. बायजाचा अंगठा लागतो तेव्हा आमच्या घरात तांदूळ येतो. तेव्हा मॅडमना आधी विचार, ज्याची ओळख पटत नाही असा कलावंत चालतो का.

दुसरं, पेण ते जोहे एसटीने अर्धा तास. अर्ध्या तासावरच्या माणसाला पोस्टाने पत्र लिहायचं आणि तो दिसला तर गुण कापायचे, हे कॉलेज आहे की सासर? पण मला मजा वाटली. विचार काय विचारायचं ते.

तुझा,
गुणाजीकाका


रोहा,
१९ फेब्रुवारी

गुणाजीकाका,

तुमचं पत्र मी गाडीत चार वेळा वाचलं आणि नागोठण्याला इतकी जोरात हसले की समोरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

मॅडम तयार झाल्या. लगेच नाही. आधी त्यांनी चष्मा काढला. "ते मूर्ती भाजतात?" मी म्हटलं, नाही, शाडूची मूर्ती कच्चीच असते, पाण्यात विरघळायची असते ना. "मग ते सिरॅमिक कसं?" मी म्हटलं, मॅडम, माती तर तीच. त्या म्हणाल्या, "कणीक आणि पोळी एक नव्हे." मी म्हटलं, पण कणीक ज्याला मळता येते त्याचीच पोळी फुगते. त्यावर त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. एक छोटीशी अट घातलीय, ती मागाहून सांगते. छोटीच आहे.

सोबत तीन फोटो छापून पाठवतेय. तिन्ही आजचे, नावाजलेले कलावंत आहेत. मला यांच्याबद्दल वर्गात पानभर लिहायचं असतं आणि मी 'अवकाश', 'पोत' असं काहीबाही लिहिते. तुम्हाला काय दिसतं ते खरं खरं सांगा.

सहर


जोहे,
२४ फेब्रुवारी

चि. सहरबाय,

फोटो ओटीवरच्या भिंतीला लावले. येणारा-जाणारा मत देऊन जातो, पण तुला माझं हवंय, तर घे.

पहिला फोटो. कोणा गृहस्थाने जमिनीवर हजार वाट्या मांडल्यात. बायजा म्हणाली, "जेवायला कोन येनार?" मी म्हटलं, कोणी नाही, हीच कला आहे. ती म्हणाली, मग घासणार कोण ते तरी सांगा. पण मी दोन दिवस बघत राहिलो. एकही वाटी दुसरीसारखी नाही, म्हणजे साचा नाही. हा माणूस हजार वेळा त्याच कामाला बसला आणि एकदाही त्याने कंटाळून हात सोडला नाही. आम्ही मूर्तीचे डोळे आखतो तेव्हा हेच असतं. चारशेव्या मूर्तीकडे बघणाऱ्यालाही वाटलं पाहिजे, की देवाने आज पहिल्यांदा डोळे उघडले ते माझ्याकडेच.

दुसरा, वाकड्या तोंडाचा रांजण. करणाऱ्याला चाकावरून हात उचलायची घाई नव्हती, तो जरा थांबला. थांबला तिथे वाकला. मला ते थांबणं आवडलं. पाणी मात्र सगळं एका बाजूने सांडणार.

तिसरा तुझ्या त्या बाईंचा, फुटलेल्या बशांचा समुद्र. आमच्या घरी बशी फुटली की समुद्र होत नाही, वादळ होतं. पण काम उत्तम. फुटलेलं त्यांनी टाकून दिलं नाही. त्यांनी तुला उत्तर दिलं नाही म्हणून राग धरू नकोस, एवढ्या बशा जोडायच्या तर पत्र कधी लिहिणार?

टाकून देण्यावरून सांगतो. आमच्या घरात माती टाकायची नाही असा दंडक आहे. हंगाम संपला की उरलेल्या मातीचा एक गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. पाडव्याला पाटाची पूजा करून नवा हंगाम सुरू होतो, तेव्हा तो गोळा नव्या मातीत कालवायचा आणि त्यातूनच पुढच्या वर्षासाठी पुन्हा एक काढून ठेवायचा. माझी आजी त्याला विरजण म्हणायची. तिलाही ते तिच्या सासूकडून आलं. म्हणजे आमच्या यंदाच्या मूर्तीत शंभर वर्षांमागची कणभर माती असते. देव दरवर्षी पाण्यात जातो, विरजण घरी राहतं. याने मूर्तीत काय फरक पडतो? रितेश म्हणतो, काही नाही. आजीला मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "दह्याला इचार."

कामानंतर हातसुद्धा बादलीत धुवायचे, खाली बसलेली माती परत वापरायची. तू नळाखाली हात धुतेस असं कळलं तर पत्रं बंद.

गुणाजीकाका


रोहा,
१ मार्च

गुणाजीकाका,

मी बादली घेतली! निळी, झाकणाची. वर्गात सगळे मला 'जोहे घराणं' म्हणून चिडवतात. हात, हत्यारं, फळी, सगळं त्यात धुते, आणि खाली बसलेली माती माझ्या मातीत मिसळते. भूमिका म्हणाली, तुझ्या मातीत तुझे केसपण असतील. असू देत.

आता ती अट. माझं चुकलं, आधीच सांगायला हवं होतं. मॅडमनी सांगितलंय की प्रदर्शनात तुमच्या हातची निदान एक भाजलेली वस्तू दिसली पाहिजे, नाहीतर विषय सिरॅमिकचा राहत नाही. मी मान डोलावून बसले. तुम्हाला न विचारता. काका, मुठीएवढं काहीही द्या. उंदीर चालेल, मोदक चालेल, या वेळी चावणार नाही. कच्चंच डब्यात घालून पाठवा, भाजायचं मी बघते.

उद्यापासून रोजे सुरू. प्रदर्शन २८ ला आटपतं आणि पाडवा ३० ला आहे. तुम्ही विरजण लावता ते बघायला येऊ का? तेव्हा गुण कापायला कोणी नसेल.

सहर


जोहे,
३ मार्च

चि. सहरबाय,

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहितोय, कारण उद्यापर्यंत थांबलो तर माझं मन बदलेल.

माझा उजवा हात थरथरतो. गेल्या हंगामात डोळे आखताना कुंचला दोनदा घसरला. शेवटच्या शंभरेक मूर्तींचे डोळे बायजाने आतल्या खोलीत बसून आखले. गावात कोणाला माहीत नाही, तूही बोलू नकोस. गुणाजीची आखणी म्हणून लोक पनवेलहून येतात, त्यांना काय सांगू? यंदा पाट पुजायचा नाही असं ठरवलंय. रितेशला कंपनीतून सवड नाही आणि मी त्याला दोष देत नाही. बायजाला अजून सांगितलेलं नाही. पाडव्याला कळेलच.

प्रश्न उरला विरजणाचा. खाडीत सोडावं म्हणून गोळा घेऊन गेलो आणि परत घेऊन आलो. हात धजला नाही. मग तुझी आठवण आली. उद्या-परवा रितेश शिफ्टला जाताना तुमच्या घरी एक डबा देईल. त्यात ते आहे, सगळं. मागे काही ठेवलेलं नाही. तुझ्या मातीत कालव आणि त्यातून पुढे काढत राहा. दुसरं काही नको.

हे पत्र डब्यात घालत नाही, रितेश वाचेल. पोस्टाने टाकतो.

गुणाजीकाका


रोहा,
१३ मार्च

काका, काका, काका!

कुठून सुरुवात करू? पाच तारखेला डबा मिळाला. मी एक तारखेला पत्र टाकलं आणि पाचला वस्तू हजर! भूमिकाच्या कलावंताला फूल वाळवायला याहून जास्त दिवस लागले असतील. डब्यात चिठ्ठी नव्हती, पण मला लागलीही नाही. झाकण काढलं आणि बघतच राहिले. मी मुठीएवढं काहीतरी मागितलं आणि तुम्ही मूठच पाठवलीत! मातीचा गोळा एकदाच घट्ट दाबून सोडलेला, चार बोटांचे खळगे, वर अंगठा. उंदीर नाही, मोदक नाही, नुसता हात. मी तीन वर्षं जे शोधतेय ते तुम्ही एका दाबात करून मोकळे झालात.

काळजी करू नका, नीट केलंय. भरीव गोळा भट्टीत फुटतो, म्हणून खालून तारेने पोखरून आतून पोकळ केला, करवंटीएवढी जाड भिंत ठेवली. सहा दिवस सावलीत सुकवला. परवा भट्टी लावली, काल उघडली. मी रोज्यात, ओठ सुकलेले, भट्टीसमोर दुवा मागत उभी. आणि काका, एक तडा नाही! फिकट बदामी रंग आलाय. बोटाने वाजवलं की टण्ण वाजतं. अंगठ्याच्या रेघासुद्धा जशाच्या तशा निघाल्यात, भिंगाने मोजता येतील. मॅडमनी पंधरा मिनिटं ती हातातून खाली ठेवली नाही. आमच्याकडे याला पदक म्हणतात.

पाटी लिहून झाली : 'गुणाजी म्हात्रे, जोहे. मूठ. शाडू, भाजलेली.'

आता शंभर वर्षं तरी हिला काही होत नाही.

तुमची (अतिशय तुमची),
सहर


रोहा,
१५ मार्च

काका,

तुमचं तीन तारखेचं पत्र मला आज मिळालं. या वेळी तुम्ही पत्ता आठवणीतून लिहिलात, अब्बांच्या काळातल्या आमच्या जुन्या घराचा. तिथल्या बतूलचाचींनी पाकीट फ्रिजवर ठेवलं, आणि आज इफ्तारला येताना भज्यांबरोबर घेऊन आल्या.

मी तुमच्या आजीची माती भाजली.

भाजलेली माती पुन्हा भिजत नाही, पुन्हा मळता येत नाही. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी ते अभिमानाने वहीत लिहून घेतलं होतं. आणि परवा तुम्हाला लिहिलं की शंभर वर्षं हिला काही होत नाही. ते वाक्य आठवलं की तोंड कुठे लपवू असं होतं.

अम्मी विचारते, कोण गेलं? काय सांगू तिला? काका, रागवा, ओरडा, पण पत्र लिहा. पाटी मी काढून टाकलीय. नापास झाले तरी चालेल.

सहर


जोहे,
१९ मार्च

(आई सांगते, रितेश लिहितो. जसं बोलते तसंच उतरव असा हुकूम आहे.)

गो सहर,

तुजी दोनी पत्रा आली. आमचा म्हातारा वाचून जो ओटीवर बसलाय तो दोन दिस उठला नाय. चा दिला तर पितो, इचारला तर बोलत नाय. शेवटी मीच पत्रा रितेशकडून वाचून घेतली. तवा मना कललां काय काय चाललंय ते. हात थरथरतो म्हून कारखाना बंद करनार, इरजन पोरीला देऊन टाकनार, आनि मना पाडव्याला सांगनार! मी काय पावनी हाय ह्या घरात?

(इथे आई पाच मिनिटं बोलली ते मी लिहिलेलं नाही. – रितेश)

तुजा भाजायचा कागद सात तारखेला आलता. तवा म्हनाले, पोरीला माजा पत्र मिललाच असंल, ती काय असा तसा करनार नाय. दोगांचा पन शानपना सारका.

आता माजा एक ऐक. रडू नको. तू शिकलेली हायस ना? मंग मना सांग. तू लिवलंस का गोला आतून पोखरला. पोखरला तर पोखरला, पन आतला माल गेला कुटं? एवड्या मोट्या गोल्यातला आर्द्याच्या वर माती निघाली असंल. ती काय केलीस? फेकलीस?

हे दोगं पुरुष तीन-तीन वेला पत्र वाचून बसले, एकालापन हा इचार सुचला नाय. (खरं आहे. – रितेश)

लगीच कलव.

बायजा


रोहा,
२२ मार्च

बायजाकाकी,

तुमचं पत्र वाचून मी चप्पल न घालता अंगणात गेले आणि कॉलेजातून घरी आणून ठेवलेल्या निळ्या बादलीसमोर बसले.

फेकली नाही! काकांनी दम दिला होता ना, नळाखाली हात धुतलेस तर पत्रं बंद. पोखरलेली सगळी माती बादलीत गेली, तार त्यातच धुतली, हातही. दुसऱ्या दिवशी ती खाली बसली आणि मी नेहमीसारखी माझ्या मातीत कालवली. काकी, काकांनी पत्रात लिहिलं होतं तेच मी केलं होतं, पत्र मिळायच्या आधी! माझ्याकडे आता बारा किलो विरजण लागलेली माती आहे. त्यातलं काहीही भाजलेलं नाही. मी अजून एक वाटीही त्यातली भट्टीत घातली नाही, कारण रडण्यातून वेळच मिळाला नाही.

काकांना सांगा, त्यांचा कारखाना बंद करायचा की नाही हा त्यांचा प्रश्न, पण आजीची माती बंद पडलेली नाही.

आणि त्यांना एक विचारा. मला माझं उत्तर सापडलंय. त्यांच्या हातची कच्ची असायची ती वस्तू मी भाजून ठेवली. तर माझं काम, जे भाजायचं असतं, ते मी कच्चं ठेवणार. याच मातीची माझी मूठ करून काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवायची, त्यांच्या मुठीशेजारी. संध्याकाळपर्यंत ती विरघळेल. खाली बसेल ती माती डब्यात भरून पाडव्याला जोह्याला आणेन. चालेल का?

सहर


जोहे,
२५ मार्च

चि. सहरबाय,

चालेल.

बायजाने मला चार दिवसांनी ओटीवरून उठवलं. कसं ते लिहीत नाही. पाट धुवायला काढलाय. २८ ला आम्ही दोघं पेणला येतो. भेटलो तर गुण कापले जाणार नाहीत, हे मॅडमकडून लेखी घेऊन ठेव.

गुणाजीकाका


रोहा,
१४ एप्रिल

गुणाजीकाका आणि बायजाकाकी,

मॅडमनी माझी फाइल परत केली. म्हणाल्या, प्रदर्शनात काय झालं हे कलावंताच्या शब्दांत नाही, शेवटचं पत्र हवं. पाच गुण आहेत. त्या दिवशी मूठ बघून काका इतका वेळ हसत होते की पाहुण्यांना वाटलं हाही कामाचाच भाग आहे. तेव्हा लिहा.

शीरखुर्म्याचा डबा रितेशदादाबरोबर परत पाठवला नाहीत तरी चालेल. अम्मी विचारते, तेवढंच सांगितलं.

सहर


जोहे,
२० एप्रिल

चि. सहरबाय हिस, आणि फाइल वाचणाऱ्या मॅडमना नमस्कार.

पाच गुणांसाठी लिहितो.

२८ तारखेला आम्ही पोचलो तेव्हा सहरची मूठ पाण्यात अर्धी विरघळली होती. बोटं गेली होती, मनगट शिल्लक होतं. मी आयुष्यभर विसर्जन बघत आलोय, पण खोलीत खुर्ची टाकून, इतकं जवळून, कधी बघितलं नव्हतं. ढोल-ताशे नसले की माती सुटताना बारीक बुडबुडे येतात ते ऐकू येतं. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

मग शेजारची भाजलेली मूठ बघितली. 'गुणाजी म्हात्रे' अशी पाटी परत लागली होती. सहरने भिंग दिलं, म्हणाली, काका, रेघा बघा, एकेक मोजता येते. मी भिंगातून बघितलं आणि हसायला लागलो. मोजता येत होत्या! अगं, माझ्या अंगठ्याला रेघा आहेत कुठे? रेशनचं मशीन दहा वर्षं तेच तर सांगतंय. मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

मूठ माझी नव्हतीच. हंगाम संपला की उरलेली माती गोळा करून, मुठीत दाबून गोणपाटात कोण गुंडाळतं? दर पंधरा दिवसांनी पाणी कोण शिंपडतं? बायजा. माती मळते ती पायाने, म्हणून तिचा अंगठा शाबूत. मी पन्नास वर्षं 'आमचं विरजण' म्हणत आलो, आणि ते ठेवलं कोणी हे मला भट्टीतून निघाल्यावर दिसलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "मंग कोनाचा वाटला तुमाला?"

मॅडम जरा गोंधळल्या. पत्रव्यवहार एकाशी आणि काम दुसऱ्याचं, हे नियमात बसतं का म्हणाल्या. सहरने फाइलमधलं १९ मार्चचं पत्र काढून दाखवलं. मग मॅडमनी स्वतःच्या पेनाने पाटीवरचं माझं नाव खोडून 'बायजा म्हात्रे' लिहिलं. बायजाने ते सहरकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, आडनाव बारीक का लिहिलंय.

पाडव्याला पाट पुजला. सहर शेवटच्या रोज्याची, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि मांडीवर पाण्याने भरलेला डबा घेऊन एसटीने आली. थेंब सांडला नाही. हसनची मुलगी शोभते. विरजण तिनेच कालवलं.

भाजलेली मूठ आता आमच्या ओटीवर आहे. मी ती एकदा गमतीने रेशनच्या दुकानात नेली आणि मशीनवर तिचा अंगठा टेकवला. मशीनने नाही म्हटलं. दुकानदार सखा म्हणाला, "काका, जिता मानूस लागतो." मी म्हटलं, जिता माणूस घरी आहे, तिला वेळ नाही.

वेळ नाही, कारण यंदाची पहिली मूर्ती काल डोळे आखायला आली. बायजा कुंचला घेऊन आतल्या खोलीत निघाली होती. मी तिचा पाट उचलून बाहेर ओटीवर आणून ठेवला, भर सकाळी, सगळा रस्ता बघेल असा. लोक थांबले. पनवेलचं जुनं गिऱ्हाईक आलं होतं, त्याने विचारलं, आखणी आता ह्या करतात? मी सांगितलं, गेल्या वर्षीच्या तुमच्या मूर्तीचे डोळे तुम्हाला आवडले होते ना, तेही हिचेच.

तिने आखले. मी शेजारी रंगाची वाटी धरून बसलो होतो. वाटी धरायला हात थरथरला तरी चालतं.

तुझा,
गुणाजीकाका